पेंडीच्या कारखान्यात युनिक्स

"आलं! आलं! साहेब, पुन्हा आलं!"

शेंडगे असे काही ओरडत कॉम्प्युटरच्या खोलीतून बाहेर आले, की गोडाऊनमधल्या चार हमालांनी पाठीवरची सरकी पेंडीची पोती जागेवर टाकली आणि कोपऱ्यातल्या काठ्या उचलल्या. पेंडीच्या गोडाऊनमध्ये उंदीर असतात, आणि उंदरांच्या मागं जे येतं ते येतंच. त्यामुळं तिथं 'आलं' म्हटल्यावर काय आलं हे कुणी विचारत बसत नाही. मी कॉम्प्युटरच्या खोलीत बसलो होतो. चौघंही थेट तिथं घुसले. मी खुर्चीवर चढून दोन्ही हात पसरले. "अहो, मारू नका! मशीन आहे!"

"कुटं हाय?" पुढच्यानं काठी उगारूनच विचारलं.

शेंडग्यांनी बोट पडद्याकडं केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत पाच-सहा ओळी होत्या आणि त्यातला पहिला शब्द होता, पॅनिक.

हमालानं पडद्याकडं बघितलं, टेबलाखाली बघितलं, मग सावकाश माझ्याकडं बघितलं. "ह्ये व्हय? ह्ये तर कालपास्नं हाय," असं म्हणून तो पोतं उचलायला गेला.

युनिक्स म्हणजे काय हे मी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना लग्नाच्या बैठकीत समजावून सांगितलं होतं, आणि तरीही लग्न झालं. तेव्हा तुम्हालाही सांगायला हरकत नाही. मशीन म्हणजे नुसतं लोखंड. त्याच्याकडून काम करून घ्यायला मुकादम लागतो. तो मुकादम म्हणजे युनिक्स. खोलीत एक मोठं मशीन ठेवायचं, त्याला वायरी जोडून आठ टेबलांवर आठ पडदे द्यायचे. आठ जण एकाच वेळी बडवायला बसले तरी प्रत्येकाला वाटतं, मशीन आपल्या एकट्याचं आहे. असा हा मुकादम. पण भारी मानी. काही बिनसलं तर अंदाजपंचे रेटून न्यायचं त्याच्या रक्तात नाही. तो 'पॅनिक' असं लिहितो आणि बैठक मारतो. मग तुम्ही पाया पडा, नाहीतर लाथा घाला.

मी बारामतीत राहून पुण्याच्या एका कंपनीसाठी हे मुकादम बसवत फिरायचो. नव्वदचं दशक होतं. दौंडपासून इंदापूरपर्यंत युनिक्स उतरवणारा मी एकटाच, असं मी सांगायचो, आणि ते खोटं ठरवायला दुसरा कुणी भेटलाही नाही. गिऱ्हाइकं एकेक अशी होती की सांगायची सोय नाही. बारामतीतल्या एका डॉक्टरांनी मशीनला ताप येतो म्हणून त्याच्यावर ओलं फडकं ठेवलं होतं. सिमेंटच्या एका व्यापाऱ्यानं आठही पडदे भिंतीकडं तोंड करून बसवले होते, का तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं आकडे बघू नयेत. त्याचे कारकून भिंत आणि टेबल यांच्या मधल्या वीतभर जागेत घुसून काम करायचे. त्यातला एक जण तर सहा महिन्यांत इतका वाळला की दाराच्या फटीतून ये-जा करायला लागला. पण ते सगळे किरकोळ. खरा प्रसंग हा पेंडीच्या कारखान्यातला.

हा जनावरांच्या खाद्याचा सहकारी कारखाना दोन तालुक्यांच्या शिवेवर होता. नाव विचारू नका. सरकी, भुसा, मका आणि वरून मळी, म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा काळा पाक, असं सगळं तिथं दळून-मिसळून पोत्यांत भरत. वास असा की दोन दिवस तिथं काम करून मी सांगवीला बहिणीकडं गेलो, तर तिच्या दोन्ही म्हशी दावं तोडून माझ्यामागं ओसरीवर आल्या. मेहुणे म्हणाले, तुमी ऱ्हावा चार दिवस, दूध वाढंल.

शेंडगे तिथले कॉम्प्युटर विभागप्रमुख. विभागात माणूस एकच, तेच. आजोबांनी शेकड्यानं मेंढरं राखली. नातवानं बी.कॉम. केलं आणि दोन वर्षं संचालक मंडळापुढं एकच धोशा लावला की खाद्यवाटपाच्या चिठ्ठ्या हातानं लिहिणं बंद करा, मशीन आणा. मंडळ वैतागून हो म्हणालं. चेअरमन म्हणजे आबा, धोतर, टोपी आणि कमी बोलणं. त्यांनी भर बैठकीत शेंडग्यांना सांगितलं होतं, "सोमवारी चार वाजता आमी येतो. मशीनमधनं चिठ्ठी निघाली तर तुमी हितं. न्हाय निघाली तर मशीन पुण्याला आन् तुमी मळीवर."

मळीवर म्हणजे मळीच्या टाकीवर. गुडघ्यापर्यंत गमबूट घालून दिवसभर तो काळा चिकट पाक ढवळत, मोजत उभं राहायचं. उन्हाळ्यात माश्या इतक्या, की तिथला माणूस घरी गेल्यावर बायको आधी माश्या घालवायची आणि मग हाच आपला का, ते बघायची. पदवीधर माणसाला ही शिक्षा. आणि शेंडग्यांची थोरली लेक त्या वर्षी दहावीला होती. 'माझे पप्पा कॉम्प्युटरवर आहेत' असं तिनं सगळ्या वर्गाला आधीच सांगून ठेवलं होतं.

मी शुक्रवारी सकाळी पोचलो. मशीन मंगळवारीच पुण्याहून टेम्पोनं येऊन पडलं होतं. पुण्यात ते मी स्वतः जोडलं होतं, दोन दिवस चालवून बघितलं होतं. घोड्यासारखं पळत होतं. पण कारखान्याची अट होती की कारखान्याच्या नावाची युनिक्सची प्रत आमच्या डोळ्यांसमोर उतरवायची, आयतं भरून आणलेलं नको. ठीक आहे म्हटलं. युनिक्स तेव्हा फ्लॉप्यांवर यायचं. विड्याच्या पानाएवढ्या चौकोनी तबकड्या, एकावन्न. एक घाला, घरघर ऐका, मशीन म्हणेल पुढची द्या, मग पुढची द्या. वानराला शेंगा चारायचं काम.

तेविसाव्या फ्लॉपीला पॅनिक.

होतं असं. पहिल्यापासून सुरू केलं. एकतिसाव्याला पॅनिक. पुन्हा सुरू केलं. नवव्याला. नंबर दर वेळी वेगळा. मशीन एकाच जागी अडलं तर वैद्याला नाडी सापडते. हे म्हणजे आज पोट, उद्या गुडघा, परवा कान. पडदा एवढंच म्हणत होता की डिस्क उत्तर देत नाही. आता माझ्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. इंजिनियरला कारण सापडलं नाही की तो विजेकडं बोट दाखवतो. वीज दिसत नाही, त्यामुळं ती नाकारू शकत नाही.

"शेंडगे," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "तुमचं अर्थिंग खराब आहे."

हे ऐकून कारखान्याचे वायरमन बबनराव लालबुंद झाले. "माजं अर्थिंग? आवो, माज्या अर्थिंगवर भट्टी चालती, क्रशर चालतो, आन् तुमचा ह्यो डबा चालत न्हाय?"

क्रशर हा तिथला मका-सरकी भरडणारा राक्षस. तो चालू झाला की इंदापूरपर्यंतचे दिवे माना खाली घालायचे. पण मी हटलो नाही. शनिवारी बबनरावांनी चार माणसं लावून अर्थिंगचा खड्डा उकरला, त्यात नवा कोळसा घातला, मीठ घातलं, घागरीनं पाणी ओतलं. इतकं मीठ घातलं, की खड्डा नव्हे लोणच्याची बरणी झाली. मीटर लावून बघितलं. अर्थिंग आधीही चोख होतं, आता जास्त चोख झालं. पॅनिक सतराव्याला.

मग मी डिस्कवर घसरलो. डिस्क मुळापासून पुसली, त्यात अर्धा दिवस गेला. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, उलटसुलट लावल्या. बारामतीला स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला, तर साहेब म्हणाले, "इथं तर चालत होतं." हे मलाही माहीत होतं. रविवारी मशीनच्या आतली, डिस्कची नवी केबल एसटीनं मागवली, ती बसवली. अठ्ठेचाळिसावी फ्लॉपी गेली, एकोणपन्नासावी गेली, शेंडग्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि पन्नासाव्याला पॅनिक. त्या वेळी मशीनपेक्षा मी शेंडग्यांच्या चेहऱ्याकडं बघायला जास्त घाबरलो.

सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलाखाली गमबुटांचा जोड ठेवलेला होता. धुऊन, पुसून.

"कुणी आणले?" मी विचारलं.

"मीच. स्टोअरमधनं घेटलं. सायज संपला तर पुन्हा सा म्हैने मिळत न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "साहेब, तुमी प्रयत्न केला. वीजच खराब, त्याला तुमी काय करणार."

इथं मला लाज वाटली, हे मी कबूल करतो. तीन दिवस मी छातीठोकपणे वीज, वीज म्हणत होतो आणि आतून मला ठाऊक होतं की मला काहीही कळलेलं नाही. पण तोंडानं म्हणालो काय? "हो ना." आणि ठरवलं, की मशीन पुण्याला न्यावं आणि तिथं उघडून बघावं. आबा चारला येतील तेव्हा मशीन समोर नसलेलं बरं. मेलेला बैल दारात ठेवू नये.

मशीन बाहेर काढायचं तर गेटपास हवा, आणि गेटपास देणार स्टोअरकीपर. सोनवणे तात्या, लासुर्ण्याचे. त्यांचं स्टोअर म्हणजे कारखान्यात एकच अशी जागा, जिथं पेंडीचा कण नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली रांगेनं मांडण्या, प्रत्येक नट-बोल्टाला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर मोत्यासारखं अक्षर. असं म्हणत की कारखान्यात एक वॉशर हरवला तर तात्यांना घरी बसल्या बसल्या ठसका लागतो.

"गेटपास देतो," तात्या चष्म्यावरून बघत म्हणाले. "पर आदी तुमची जादा वस्तू न्यावी लागंल. तिच्यामुळं माजा मेळ बसंना."

"कसली जादा वस्तू?"

तात्यांनी मागच्या मांडणीवरून एक पुठ्ठा बांधलेली वस्तू आणून माझ्यापुढं ठेवली. काडेपेटीएवढी, काळी, एका अंगाला पितळी पिना. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'बूच काळे, नग १, चलनाबाहेरील जादा आवक, पुरवठादारास परत.'

मी स्टुलावर बसलो. स्टूल नव्हतं. मी पोत्यावर बसलो.

ते टर्मिनेटर होतं. आता हे जरा समजून घ्या. मशीनमधून एक केबल निघते. तिच्यावर आधी डिस्क असते आणि शेवटी, वेगळ्या डब्यात, टेप ड्राइव्ह. कॅसेटवर नक्कल घ्यायचं यंत्र म्हणा. मशीन त्या केबलवरून डिस्कला हाक मारतं. पण हाक डिस्कपाशी थांबत नाही, केबलच्या टोकापर्यंत जाते, आणि टोकाला काही नसेल तर आडात मारलेल्या हाकेसारखी उलटी फिरून येते. बिचाऱ्या डिस्कला खरी हाक आणि आडातली हाक दोन्ही एकदम ऐकू येतात. कधी बरोबर ऐकते, कधी चुकीचं. म्हणून टोकाला हे बूच लावायचं. आडाच्या तळाशी गोधडी टाकल्यासारखं. गेलेली हाक तिथंच जिरते. ते बूच टेप ड्राइव्हच्या पाठीमागं मी पुण्यात माझ्या हातानं दाबून बसवलं होतं. हातानं बसवलेलं म्हणून पुन्हा बघितलं नाही. शिवाय टेप ड्राइव्ह मी येण्याआधीच शेंडग्यांनी जोडून भिंतीला पाठ लावून ठेवला होता, वर झेंडूचा हार घातलेला, आणि फ्लॉप्यांच्या कामात टेपचा संबंधच नाही. मग तिकडं कोण कशाला बघतोय?

तात्यांची पद्धत अशी होती की आलेला माल चलनाशी जुळवायचा. चलनात आहे ते कारखान्याचं. चलनात नाही आणि हातानं सुटं होतंय, ते जादा. काढायचं, पुठ्ठा बांधायचा, मांडणीवर ठेवायचं. पूर्वी एका पंपवाल्यानं न सांगता एक सुटा भाग जास्त पाठवला आणि वर्षानं तो चोरीला गेला म्हणून तात्यांवरच बोंब ठोकली होती. तेव्हापासून हा नियम.

"तात्या!" मी ओरडलो. "हे द्या! ह्याच्यामुळंच अडलंय सगळं! आत्ता बसवतो!"

"कसं देनार?" तात्या शांतपणे म्हणाले. "ही वस्तू कारखान्याची न्हाय. कारखान्याची नसलेली वस्तू कारखान्याच्या मशीनला मी इश्यू कशी करू?"

"मग मला द्या, माझी आहे!"

"देतो की. पुरवठादारास परत. पर परत म्हंजी गेटाच्या भाईर."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. साडेअकरा वाजत आले होते. मी सही केली, बूच मुठीत धरलं आणि गेटाकडं धावलो. वॉचमननं गेटपास वाचला, बूच उलटंपालटं करून बघितलं, वहीत लिहिलं, गेट उघडलं. मी बाहेर गेलो, चहाच्या टपरीला एक प्रदक्षिणा घातली आणि परत गेटावर आलो.

"काय हाय संगं?" वॉचमन म्हणाला.

"बूच."

"आत्ताच न्हेलं की!"

"आत्ता ते माझं हत्यार आहे. दुरुस्तीचं."

त्यानं पहिली वही मिटली. मग दुसरी वही काढली, 'पाहुण्यांची हत्यारे' अशी, आणि तीत पहिल्यापासून सगळं लिहिलं. "जाताना दाखवाय लागंल," म्हणाला. मी हो म्हणालो. त्या वेळी त्यानं माझा कान मागितला असता तरी हो म्हणालो असतो.

खोलीत येऊन मी हार बाजूला केला, डबा भिंतीपासून ओढला, बूच दाबून बसवलं. शेंडग्यांना म्हणालो, "पहिली फ्लॉपी द्या." त्यांनी दिली. चेहऱ्यावर आशा नव्हती, फक्त शिस्त होती. नववी गेली. सतरावी गेली. तेविसावीला बबनराव दारात येऊन उभे राहिले. एकतिसावीला ते चार हमाल आले, या वेळी काठ्यांशिवाय. पन्नासावीला खोलीत इतकी माणसं होती, की भिंती बाहेरच्या बाजूला फुगल्या होत्या. पन्नासावी गेली. एकावन्नावी मागितली. ती घातली. घरघर झाली. आणि पडद्यावर शहाण्या मुकादमासारखा प्रश्न आला, कोण आहे ते नाव सांगा.

"सांगा," मी शेंडग्यांना म्हणालो. त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, स्वतःचं आडनाव टाइप केलं. मशीननं नाव घेतलं नाही. त्या नावाचं खातंच अजून उघडलेलं नव्हतं. मी ते उघडून दिलं, त्यांनी पुन्हा टाइप केलं, आणि या वेळी मशीननं त्यांना आत घेतलं. बबनरावांनी अशी शिट्टी मारली, की क्रशरवाल्याला वाटलं जेवणाची सुट्टी झाली. त्यानं क्रशर बंद केला.

चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम मशीनवर चढवून प्रिंटर जोडेपर्यंत चार वाजले आणि आबा आले. शेंडग्यांनी बटण दाबलं, प्रिंटर करकरला, चिठ्ठी बाहेर आली. आबांनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "अक्षर बरं हाय," म्हणाले आणि निघाले. दारात थांबले. "शेंडगे, टेबलाखाली गमबूट कुणाचं?"

"स्टोअरचं, आबा. परत करायचं हाय."

"मग करा की."

त्या मशीननं पुढं कित्येक वर्षं चिठ्ठ्या काढल्या. आता टर्मिनेटरही गेले, फ्लॉप्याही गेल्या. मोबाईलमध्ये युनिक्सचीच नातवंडं नांदतात आणि त्यांना बसवायला कुणा इंजिनियरला पेंडीचा वास घ्यावा लागत नाही. बरंच झालं म्हणायचं. बबनरावांची माफी मात्र मी कधी मागितली नाही. त्यांचं अर्थिंग तालुक्यात सर्वांत चोख होतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते मीच सांगायला हवं होतं.

त्या संध्याकाळी निघताना मी बुचाचं नवं चलन लिहून दिलं, म्हणजे ते रीतसर कारखान्याचं झालं. तात्यांनी ते जमा करून घेतलं, वॉचमनच्या वहीतली हत्यारंही निस्तरली. चहा मागवला. तेव्हा मला राहवेना.

"तात्या," मी म्हणालो, "तीन दिवस! एकशेसाठ का दोनशे वेळा फ्लॉप्या घातल्या मी. बबनरावांनी खड्डा उकरला. शेंडग्यांनी गमबूट धुतले. आणि तुम्ही ती वस्तू इथं मांडणीवर ठेवून बसला होता! ती टेपबरोबरच आली होती, हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

तात्यांनी फाईल काढली आणि मंगळवारचं चलन माझ्यासमोर ठेवलं. ते माझ्याच हातचं होतं, पुण्यात टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना घाईत लिहिलेलं. मशीन, नग एक. पडदे, नग आठ. टेप ड्राइव्ह, नग एक. प्रिंटर, नग एक. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'केबल वगैरे.'

"हे काय मग?" मी त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून म्हणालो. "त्यातच आलं की ते!"

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"वगैरे म्हंजी किती नग?"